गॉबिन्सचा कडा आणि बाबांचं इन्स्पेक्शन

गॉबिन्सला जायचं तर आधी बूट दाखवावे लागतात. काउंटरवरचा मुलगा वाकून पायांकडे बघतो, सोल बघतो, घोटा नीट झाकला जातोय ना ते बघतो आणि मगच पुढचं बोलतो. आमच्या पुढे उभ्या असलेल्या जोडप्याचे पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज त्याने अत्यंत नम्रपणे नापास केले. त्यांच्या गाडीच्या डिकीत दुसरे होते म्हणून निभावलं.

बाबांना हा प्रकार फारच आवडला. सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची हयात गेली. त्यातले कितीतरी पावसाळे कुंभार्ली घाटातल्या दरडी उपसण्यात गेले. "साइटवर असं कुणी बघितलं असतं ना, तर निम्मी माणसं घरी पाठवावी लागली असती," ते म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या पायात जावयाचे बूट होते, आत मोज्यांचे दोन जोड घालून मापात बसवलेले. रायगड चपलेवर चढलेल्या माणसाला हे पटवायला घरी बराच वेळ गेला होता, पण नियम छापलेला आहे म्हटल्यावर त्यांनी वाद घातला नाही. छापील नियमापुढे बाबा कधीच वाद घालत नाहीत.

उत्तर आयर्लंडातल्या बेलफास्टहून ईशान्येला, लार्नच्या वाटेवर, आयलंडमॅगी नावाचा चिंचोळा द्वीपकल्प आहे. नावात बेट असलं तरी तो जमिनीला जोडलेला आहे. त्याच्या समुद्राकडच्या अंगाला काळ्या बेसॉल्टचा सरळसोट कडा उभा आहे, तो गॉबिन्स. कड्यावरून चालणं जगात पुष्कळ ठिकाणी होतं. इथे मात्र तुम्ही कड्याच्या पायथ्याशी, लाटांच्या जेमतेम वर चालता. डोक्यावर दोनशे फुटांच्या आसपास कातळ, पायाखाली कातळातच फोडून काढलेली पायवाट, आणि जिथे कातळ संपून नुसतं पाणी येतं तिथे पूल. एकट्याने जाता येत नाही. वाटाड्या बरोबर असतो, गट छोटा असतो आणि वेळ आधी घ्यावी लागते.

वेळ घेणं हाच यातला सगळ्यात चिवट भाग. वारा जास्त असला की फेरी रद्द, समुद्र खवळला की रद्द, वरून दगड आले की वाट काही काळ बंदच. बेलफास्टमध्ये राहूनही आमचं जाणं लांबत गेलं ते यामुळे. यंदा आई-बाबा उन्हाळ्यात येणार म्हटल्यावर मी जूनमधला एक शनिवार पकडला. पफिन पक्षी साधारण एप्रिलपासून जुलैपर्यंतच असतात, त्यामुळे जायचं तर तेव्हाच. आणखी एक अट म्हणजे उंची. १.२ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना घेत नाहीत. लेकीची उंची घरी दाराच्या चौकटीला पेन्सिलीने मांडलेली असते, तिथेच निकाल लागला, दोन बोटं कमी. आईचे गुडघे तिला आधीच सुट्टी देऊन बसलेले. म्हणून असं ठरलं की नवरा, लेक आणि आई व्हाइटहेडला उतरून समुद्रकाठी बसतील आणि बाबा आणि मी पुढच्या स्टेशनावर उतरू.

लार्नकडे जाणारी गाडी बेलफास्ट सोडल्यावर बराच वेळ खाडीला चिकटून जाते. उजव्या हाताला कॅरिकफर्गसचा किल्ला दिसतो, बाराव्या शतकाच्या अखेरचा, अगदी पाण्यात पाय टाकून बसलेला. बाबांनी तटबंदी बघून "जलदुर्ग नाही हा, किनारी दुर्ग" असा निवाडा दिला आणि जंजिऱ्याची आठवण काढली. ती प्रत्येक किल्ल्यापाशी निघते. बॅलिकॅरीला उतरलो तेव्हा फलाटावर आम्ही दोघं आणि एक सायकलवाला. तिथून बॅलिस्ट्रडर गावातल्या केंद्रापर्यंत चढाची वाट, दोन्ही बाजूंना मेंढ्या.

बूट पास झाल्यावर हेल्मेट मिळतं, मागे स्क्रू असलेलं, आवळून घ्यायचं. मग सूचना. रेलिंगच्या बाहेर हात नाही, वाटाडी थांबू नका म्हणाली तिथे थांबायचं नाही, आणि छातीचा, दम्याचा, उंचीच्या भीतीचा त्रास असेल तर आत्ता सांगा. इतक्या सूचना ऐकल्या की सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला जरा हसू येतं. आपल्याकडे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर माणसं पोटावर पालथी पडून खाली डोकावतात आणि पाय धरायला मित्र असतो, एवढीच सुरक्षा. पण इथल्या सूचनांमागे एक साधं कारण आहे आणि ते वाटाडीने पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. हा कडा पडतो. रोज नाही, पण पडतो. तो पडतो हे गृहीत धरूनच सगळं चालतं.

वाटाडी आयलंडमॅगीचीच, पन्नाशीची, खणखणीत आवाजाची. तिची आजी तरुणपणी इथे फिरायला यायची म्हणे. बाबांचं इंग्रजी साइटवरचं आहे, नाम भरपूर आणि क्रियापद कमी, आणि तिचा उच्चार इथल्या अँट्रिम परगण्याचा, त्यामुळे मी दुभाष्या होऊन राहीन असं वाटलं होतं. पण "रॉक बोल्ट? लेंथ?" असं बाबांनी विचारलं आणि दोघांचं जमलं.

केंद्रातल्या भिंतीवर बर्कली डीन वाइझ यांची कथा मांडली आहे. हे बेलफास्ट अँड नॉर्दर्न काउंटीज रेल्वेचे मुख्य अभियंता. स्टेशनं बांधणं हे त्यांचं काम, पण त्यांना पक्कं ठाऊक होतं की नुसती स्टेशनं बांधून गाड्या भरत नाहीत. माणसाला जायला काहीतरी हवं. म्हणून त्यांनी ग्लेनॅरिफच्या दरीत धबधब्यांच्या कडेने लाकडी पूल टाकले, व्हाइटहेडला फिरायचा रस्ता केला, तिथून ब्लॅकहेडपर्यंत कड्याची वाट काढली आणि शेवटी हा गॉबिन्स. १९०२ साली वाट लोकांना खुली झाली. गिरणीत, गोदीत आठवडाभर राबलेल्या बेलफास्टकराने रविवारची सुट्टी घालवायला तिकीट काढावं आणि बॅलिकॅरीला उतरावं, असा सगळा हिशोब. रॉबर्ट वेल्च या बेलफास्टच्या छायाचित्रकाराने काढलेल्या इथल्या फोटोंमध्ये घोळदार झगे आणि मोठाल्या टोप्या घातलेल्या बायका पुलांवर उभ्या दिसतात. हेल्मेट कुणाच्याच डोक्यावर नाही. बूट फोटोत दिसत नाहीत, झग्यांनी झाकलेत.

बाबा त्या फोटोंपाशी बराच वेळ रेंगाळले. बायकांकडे त्यांचं लक्ष नव्हतं, ते खालचा सांगाडा बघत होते.

केंद्रातून मिनीबस कड्याच्या वरच्या टोकाला सोडते आणि तिथून डांबरी वाट एकदम खाली जाते. उतार इतका तीव्र की बुटात बोटं पुढे सरकतात. उतरताना सगळे हसत-बोलत असतात, येताना हीच वाट चढायची आहे हे वाटाडी मुद्दाम सांगते. खाली पोहोचलं की समोर कातळात एक भोक आहे. माणूस जरा वाकून जाईल एवढं, हाताने फोडलेलं. त्याला 'वाइझचा डोळा' म्हणतात. वाइझना वळसा घालून वाट नेता आली असती की नाही ते मला माहीत नाही, पण नाटक त्यांना कळत होतं हे नक्की. भोकाच्या अलीकडे गवताळ उतार, साधा किनारा. वाकून पलीकडे गेलात की डावीकडे उभा कातळ, उजवीकडे उघडा समुद्र आणि वाऱ्याचा थेट चेहऱ्यावर मारा. समोर पाण्यापलीकडे निळसर रेघ होती, ती स्कॉटलंड.

इथून पुढे बाबा चालणं विसरले. म्हणजे चालत होते, पण इन्स्पेक्शनला आल्यासारखे. कड्यावर जागोजागी पोलादी जाळी ताणून बसवली आहे, तिच्या कडा कातळात रुतवलेल्या सळ्यांना बांधलेल्या. प्रत्येक सळीच्या तोंडाशी चौकोनी पट्टी आणि नट. बाबांनी हात न लावता, पण नाक जवळजवळ लावून, एकेक बघितला. २०१५ च्या पावसाळ्यात पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड गाड्यांवर आली, माणसं गेली, आणि त्यानंतर तिकडे अशा जाळ्या लागल्या. त्या वेळी ते निवृत्त झाले होते, तरी बातम्या बघताना टीव्हीशी भांडत होते. गॉबिन्सची वाटही नव्याने उघडली ती त्याच वर्षी, २०१५ मध्ये. मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे दोन्हीकडचं सामान एकाच वयाचं. बघू कुणाचं टिकतंय."

त्यांनी वाटाडीला विचारलं, सैल झालेले दगड कसे काढता? तिने वर बोट दाखवलं. दोरावर उतरणारी माणसं वरून खाली येतात, पहारीने टोकरतात, जे हलतं ते पाडतात. घाटात बाबांचे लोक हेच करायचे. फक्त तिकडे कमरेला दोर बांधायचा आणि दुसरं टोक वरच्या झाडाला. हे त्यांनी वाटाडीला सांगितलं नाही, मला सांगितलं.

पुढे एका वळणावर त्यांनी माझा दंड धरून मला थांबवलं. "ते बघ. अगं, हा तर आपलाच थर."

काळ्या कातळात, डोक्याच्या वर जराशी, विटेच्या रंगाची एक आडवी पट्टी होती. वर काळा, खाली काळा, मध्ये तांबडा. वरंधा असो, आंबा असो, कुंभार्ली असो, घाटातून गाडीने जाताना कापलेल्या दरडीत ही पट्टी दिसते. लाव्हाचा एक थर ओतला जातो, थंड होतो, मग पुढचा थर यायला हजारो वर्षं लागतात. तेवढ्या काळात पावसाने, उन्हाने वरचा भाग कुजून त्याची तांबडी माती होते. मग पुढचा लाव्हा येऊन तिला भाजून, दाबून टाकतो. अँट्रिमचा बेसॉल्ट साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीचा, अटलांटिक महासागर उघडत होता तेव्हाचा. आपला दख्खनचा त्याच्या थोडा आधीचा, सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपासचा. दोन्हींचा उद्रेक वेगळा, पृथ्वीच्या पोटातला उगम वेगळा, पण घडण्याची रीत तीच. म्हणून कराडच्या माणसाला उत्तर आयर्लंडात कातळ ओळखीचा लागतो.

बाबांना भूगर्भशास्त्र शिकून हे कळलेलं नाही. त्यांना ते पाण्यामुळे कळलं आहे. वरच्या काळ्या कातळाच्या भेगांतून झिरपलेलं पाणी त्या तांबड्या थरावर येऊन अडतं, कारण तो चिकणमातीसारखा, पाणी खाली जाऊ न देणारा. मग ते आडवं वाहून दरडीच्या तोंडाशी बाहेर येतं. तांबडा थर भिजून मऊ होतो, झिजतो, आणि वरचा काळा ठोकळा अधांतरी राहतो. "घाटात पाऊस लागला की मी आधी ह्या पट्टीकडे बघायचो," ते म्हणाले. "पट्टी ओली तर वरचा दगड कधीतरी येणार." गॉबिन्सची पट्टीही ओली होती, तिच्या खालच्या कातळावर हिरवट शेवाळ उतरलेलं. त्या जागेवर जाळी दुप्पट होती. बाबांनी समाधानाने मान हलवली. त्या दिवशी आमच्या गटात पफिन बघायला आलेले, फोटो काढायला आलेले, वाढदिवस साजरा करायला आलेले सगळे होते, पण जाळी योग्य जागी आहे म्हणून आनंदलेला माणूस एकच.

कातळात पांढरे ठिपके आणि लहान लहान पोकळ्या होत्या. लाव्हातले वायूचे बुडबुडे तसेच गोठतात आणि पुढे पाण्यातली खनिजं त्यांत साठतात. आपल्याकडे नाशिक, पुणे, जळगाव भागात विहिरी खणताना असेच सुंदर स्फटिक निघतात. ते बघायचे असतील तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जावं. त्या खनिजांच्या कुळाला झिओलाइट म्हणतात. त्यातलं एक खनिज जगात पहिल्यांदा नोंदवलं गेलं ते इथल्या, गॉबिन्सलगतच्या किनाऱ्यावरून, १९८२ साली, आणि त्याचं नावच गॉबिन्साइट ठेवलं. वाटाडीने हे सांगितलं तेव्हा गटातल्या बाकीच्यांनी "अच्छा" म्हणून समुद्राकडे तोंड फिरवलं. बाबांनी वहीत लिहून घेतलं. मला तर वाटतं की गॉबिन्सला येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने पक्ष्यांइतकाच वेळ कातळाला द्यावा. पण असं सांगणारी मी एकटीच असेन.

मग आला तो नळीचा पूल. वाटेतली सगळ्यात जास्त फोटो काढली जाणारी जागा. कड्यापासून सुटलेल्या एका खडकाकडे जाणारा, गोल कड्यांचा, लांबट पिंजऱ्यासारखा. आत शिरलं की चहूबाजूंनी पोलादी कमानी आणि खाली, पायांखालच्या फटींतून, हिरवं पाणी वर-खाली होताना दिसतं. "आडवी टाकलेली कणगी," बाबा म्हणाले, आणि ते इतकं अचूक होतं की मला दुसरं काही सुचेना. खालच्या कुंडाला इथे मत्स्यालय म्हणतात. ओहोटीला निवळशंख पाण्यात तळ दिसतो, आम्हाला मात्र फेसच दिसला.

हा आताचा पूल नवा, जुन्याच्या धर्तीवर केलेला. मूळ पूल बेलफास्टमध्ये तयार झाले, तराफ्यांवर घालून समुद्रातून इथवर आणले आणि दोरखंडांनी उचलून जागेवर बसवले. १९०२ ची गोष्ट आहे. क्रेन उभी करायला कड्याखाली जागा नाही, वरून सामान सोडायचं तर वारा. मी बाबांना म्हटलं, लाट उसळली की तराफा वर-खाली, आणि त्याच वेळी कातळातल्या भोकात पुलाचं टोक बसवायचं, कसं जमवलं असेल? बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "भरतीला. पाणीच उचलतं वर. माणसाने फक्त टोक धरून ठेवायचं." हे खरं की त्यांचा अंदाज, सांगता येत नाही. वाटाडीला विचारल्यावर तिने खांदे उडवले आणि म्हणाली, हे मी पुढच्या गटाला सांगणार.

वाइझ प्रकृतीमुळे १९०६ मध्ये निवृत्त झाले आणि १९०९ मध्ये वारले. वाट उत्तरेला आणखी न्यायचा त्यांचा बेत पुरता झालाच नाही. त्याआधीच, १९०३ मध्ये, त्यांची रेल्वे कंपनी मोठ्या मिडलंड रेल्वेने घेतली होती. पुढे मोटारी आल्या, युद्ध आलं, खारं वारं लोखंड खात राहिलं, डागडुजीला पैसे नाहीत. १९५४ नंतर वाट बंदच पडली आणि साठ वर्षं तशीच राहिली. मग नगरपालिकेने युरोपीय संघाच्या निधीच्या मदतीने सुमारे ७५ लाख पौंड खर्चून ती पुन्हा उभी केली. जुन्या लोखंडाचे खुंट अजून कातळात दिसतात, इतके झिजलेले की आधी मुळं वाटतात. बाबांनी एकाला हात लावला आणि बोटांना लागलेला गंज वहीच्या कोऱ्या पानावर पुसला. कशाला, विचारलं नाही.

पुढच्या गुहांपाशी वाटाडीचा आवाज बदलला. १६४१ च्या ऑक्टोबरात अल्स्टरमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागात, कॅथलिकांनी उठाव केला, त्यात प्रोटेस्टंट वसाहतकऱ्यांची माणसं मारली गेली. त्याचा सूड म्हणून त्याच हिवाळ्यात आयलंडमॅगीतल्या कॅथलिक कुटुंबांची कत्तल झाली आणि लोकांना या कड्यावरून समुद्रात लोटलं, अशी कथा आहे. तीन हजार मेले असं लोकांत सांगितलं जायचं, इतिहासकार आकडा त्याच्या कितीतरी खाली आणतात आणि कड्यावरून लोटलं याबद्दलही शंका घेतात. त्या काळच्या जबान्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जपून ठेवल्या आहेत. वाटाडीने दोन्ही बाजू सारख्याच मापाने, जवळजवळ शब्द मोजून सांगितल्या. उत्तर आयर्लंडात राहून माझ्या लक्षात आलंय की इथे माणूस इतिहास सांगताना आधी समोर कोण बसलंय ते बघतो. त्या गटात कोण कोणत्या बाजूचं होतं कुणास ठाऊक. कुणी प्रश्न विचारला नाही आणि आम्ही पुढे निघालो.

पक्षी दिसण्याआधी नाकाला कळतात. विष्ठेचा, माशांचा, आंबूस असा भपकारा वाऱ्याबरोबर येतो आणि मग आवाज. किटिवेक नावाचे कुरव कातळाच्या बोटभर कंगोऱ्यावर चिखल-गवताची घरटी चिकटवून बसलेले, हजारो. त्यांच्या खालच्या पट्ट्यात काळे-पांढरे गिलेमॉट, घरटं न करता उघड्या कातळावर एकच अंडं घालणारे. ते अंडं एका टोकाला निमुळतं असतं, कंगोऱ्यावरून सहज गडगडत नाही. पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं झालं, अजून नीट उडता येत नाही, तेव्हाच ते कड्यावरून खाली पाण्यात उडी घेतं. खाली बाप हाका मारत असतो. पुढचे काही आठवडे समुद्रात त्याला सांभाळतो तो बापच. आई मागे राहते. बाबांनी हे ऐकून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बारावीनंतर तुला पुण्याला सोडायला कोण आलं होतं?" मी म्हटलं, तुम्ही. "मग."

पफिन मात्र शेवटपर्यंत लांबच. पाण्यावर तरंगणारे चार-पाच ठिपके. वाटाडीने दुर्बीण दिली तेव्हा रंगीत चोच दिसली. फोटोत बघून तो बदकाएवढा वाटतो, प्रत्यक्षात पारव्यापेक्षा मोठा नाही. उत्तर आयर्लंडच्या मुख्य भूमीवर पफिनची वस्ती इथेच आहे, बाकी ते बेटांवर. बाबांना पफिनपेक्षा बहिरी ससाणा भेटला याचा आनंद जास्त. कड्याच्या वरच्या कडेवर तो बसला होता आणि खालचे सगळे कुरव एकदम उठले तेव्हा कळलं.

वाटेच्या शेवटाकडे एक बोगदा आहे. पायऱ्या उतरून आत जायचं, आतमध्ये ओल, थंडावा आणि कानात लाटांचा घुमारा, कारण तुम्ही तेव्हा भरतीच्या पातळीच्या खाली असता. मला बंद जागेचं थोडं आहे, म्हणून तिथे रेंगाळले नाही. पलीकडे थोडं चालून वाट संपते आणि आल्या वाटेनेच परतायचं असतं. समोरून पुढचा गट आला की एका रुंद जागी थांबून वाट द्यायची, वाटाड्यांचं आपसात वॉकीटॉकीवर ठरलेलं असतं. परतताना उजेड फिरल्यामुळे तोच कडा वेगळा दिसतो. जाताना न दिसलेल्या दोन तांबड्या पट्ट्या बाबांना येताना सापडल्या.

आणि मग तो चढ. अडीच-तीन तास पूल, पायऱ्या, वळणं झाल्यावर समोर उभी राहणारी ती डांबरी वाट खरोखर अंगावर येते. वाढदिवसवाली मंडळी दर दहा पावलांना थांबत होती. बाबा घाटातल्या माणसासारखे चढले, हळू पण न थांबता, पावलं आडवी टाकत. वर आल्यावर मात्र मिनीबसच्या पायरीवर बसून त्यांनी जावयाचे बूट सोडले, मोज्यांचा एक जोड काढून खिशात घातला आणि पाच मिनिटं काही बोलले नाहीत.

केंद्रातल्या उपाहारगृहात चहा आणि 'फिफ्टीन्स' नावाची इथली वडी घेतली. पंधरा बिस्किटं, पंधरा मार्शमॅलो, पंधरा लाल चेरी, आटवलेलं गोड दूध घालून मळायचं, वळकटी करून खोबऱ्याच्या कीसात लोळवायची आणि कापायची. भट्टी नको, काही नको. बाबांनी खोबरं खाल्लं आणि बाकी मला दिलं.

कुणी जाणार असाल तर चारच गोष्टी सांगते. बूट घोट्यापर्यंतचेच घ्या. पाण्याची बाटली पाठीवर ठेवा, हातात नको. सकाळची पहिली वेळ घेण्यापेक्षा ओहोटीचं वेळापत्रक बघून वेळ घ्या, खालची कुंडं तेव्हाच दिसतात. आणि जायच्या दिवशी सकाळी वाट उघडी आहे ना ते बघूनच निघा, आदल्या रात्रीच्या वाऱ्यावर सगळं अवलंबून असतं.

व्हाइटहेडला उतरलो तेव्हा आई बाकावर बसून लेकीला शिंपले निवडून देत होती. त्यांनी काय केलं विचारलं तर म्हणाली, समुद्राच्या कडेने चालत गेलो, छान सिमेंटची वाट आहे, गुहा आहेत, पुढे दीपगृहाच्या पायऱ्या लागल्या तिथून मी परत फिरले.

"ब्लॅकहेड," बाबा म्हणाले. "ती पण वाइझचीच. ह्याच्या दहा वर्षं आधीची. तिकीट किती होतं?"

"कसलं तिकीट?"

बाबांनी जावयाकडे पाहिलं. बेलफास्टची गाडी यायला अर्धा तास होता. तेवढ्यात पहिला पूल तरी बघून होईल, म्हणाले, आणि आई "अहो, जरा टेका तरी" म्हणेपर्यंत चालूही पडले. पाठोपाठ लेक धावली. तिला तिथे कुणी अडवणार नव्हतं.